कातडी कुणाच्या वाट्याची?

स्वयंपाकघरात मी कधी हरलेली बाई नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून तुमचा माझ्याविषयी गैरसमज व्हायला नको. तीन दगडांची चूल, भुसा ठासायची शेगडी, फरफरणारा रॉकेलचा स्टोव्ह, गोबरगॅस, सिलिंडर, इतक्या साऱ्यांवर मी भाकरी भाजली आहे आणि भाकरी प्रत्येक वेळी फुगली आहे. लोहाऱ्याच्या शाळेत पोरांकडून बाराखडी घोकून घेताना माझं अर्धं लक्ष घरच्या डाळीकडं असायचं. डाळ कधी लागली नाही. पोरांची बाराखडी मात्र काहींची अजून कच्ची आहे.

त्यामुळं आमच्या बुद्धघोषनं पुण्याहून मायक्रोवेव्ह आणून ओट्यावर ठेवला, तेव्हा मी घाबरले वगैरे नाही. मी त्यात बिस्किटं ठेवायला लागले. दार असं घट्ट बसायचं की मुंगीला आत शिरायची सोय नाही. मुलाला वाटायचं, आईनं यंत्र वापरायला घेतलं. घेतलंच होतं की!

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे म्हणजे मच्छिंद्र, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. तुळजापूरच्या घाटात ब्रेक सैल झालेली, माणसांनी खचाखच भरलेली गाडी त्यांनी मांडीवरच्या लेकरासारखी खाली उतरवली होती. असा हा माणूस सुईला भितो. कोरोनाची लस घेताना त्यांनी माझा हात असा आवळला की सुई त्यांना टोचली आणि हात माझा सुजला.

तर ह्यांची साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि सांगितलं की भाकरी अर्धी करा, भात विसरा, साखर, फरसाण, बिस्किटं बंद, रोज सकाळी फिरा. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला नाही, तर रोज इन्सुलिनची सुई. ‘रोज’ हा शब्द ऐकला आणि हे बाकावरच मागं रेलले. नर्सनं पाणी आणलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं पाळलं, म्हणजे माझ्यादेखत पाळलं. सकाळी तर उजाडायच्या आत पायात बूट घालून फिरायला निघायचे आणि ऊन चढल्यावर प्रसन्न चेहऱ्यानं परत यायचे. मला कौतुक वाटायचं. एकच गोष्ट त्यांना जमेना. संध्याकाळी दातांखाली काहीतरी कुरुमकुरुम वाजल्याशिवाय ह्यांचा दिवस मावळत नाही. आधी मायक्रोवेव्हमधली बिस्किटं गेली. मग चिवड्यासाठी आणलेले पोहे कच्चेच गेले. एकदा तर मी त्यांना शेवयांच्या डब्यात हात घातलेला पकडलं. म्हणाले, झुरळ दिसलं होतं.

अशात पुण्याहून आमच्या नातीचा, क्षमाचा, व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता ती पाकिटातून काहीतरी काढून कडाकड खात होती. मी म्हटलं, पापड का गं? तर म्हणाली, ‘‘आजी, ही डुकराची कातडी आहे. वाळवलेली मिळते, मायक्रोवेव्हमध्ये फुलवायची. यात कार्ब नाही, नुसतं प्रोटीन. आमच्या जिममध्ये सगळे खातात.’’

मला आधी हसू आलं आणि मग एकदम माझं अणदूरचं माहेर डोळ्यांपुढं आलं. अंगणात या मेढीपासून त्या मेढीपर्यंत दोरी, दोरीवर मटणाच्या आणि कातडीच्या वाळत घातलेल्या पट्ट्या, आमच्या चान्या, आणि खाली हातात शिंदीची काठी घेऊन कावळ्यांवर पहारा करणारी मी. आई कातडीचे वाळके तुकडे चुलीतल्या गरम राखेत सारायची. ते फुस्स करून फुगायचे, आम्ही राख झटकून खिशात भरायचो. शाळेच्या वाटेवर खायचो आणि वर्गात शिरण्याआधी लिंबाच्या पाल्यानं हात चोळून घ्यायचो, कारण शेजारी बसणाऱ्या पोरी नाक दाबायच्या. त्याच चान्या आता पुण्यात चकचकीत पाकिटात बसल्या होत्या आणि लोक त्यांना प्रोटीन म्हणत होते. माझी आई हे ऐकायला हवी होती. तिला आपण आयुष्यभर प्रोटीन वाळवत होतो हे कळलंच नाही.

क्षमा म्हणाली, आजोबांसाठी दोन पाकिटं पाठवते. मी म्हटलं, पाठवू नकोस, या गोष्टीचं पाकीट विकत घेणारी मी नव्हे. ‘‘मी घरी करते, आणि तुझ्या आजोबांची साखर उतरवून दाखवते!’’ मागं उभे राहून हे ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, गाडीला वेळेवर सिग्नल मिळाल्यासारखं समाधान पसरलं.

आता कातडी आणायची कुठून? आमच्याकडं या मटणाचं रोजचं दुकान नाही. गावाबाहेर बलभीम डुकरं पाळतो. पुरेसे वाटे ठरले की तो रविवारी एक कापतो. प्रत्येक वाट्यात सगळं थोडं थोडं येतं, मांस, चरबी, काळीज, आणि केस भाजून खरवडलेली कातडी मांसाला लागलेली असतेच. कुणी कधी ‘मला हेच दे, ते नको’ असं म्हणत नाही. माझ्या लहानपणी तर वाटे पळसाच्या पानांवर मांडायचे. एक माणूस पाठ करून बसायचा, दुसरा एकेका वाट्यावर काडी ठेवून विचारायचा, ‘‘ह्यो कुणाचा?’’ आणि पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घ्यायचा. ना भांडण, ना तंटा.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी बलभीमला फोन केला आणि म्हटलं, ह्या खेपेला माझ्या वाट्याचं मटण बाकीच्यांत वाटून टाक, मला फक्त कातडी दे. सगळी.

बलभीम म्हणाला, ‘‘समदी? बाई, लोकं काय म्हन्तील?’’

हा बलभीम तिसरीत माझ्या वर्गात होता. मी आवाज थोडा तिसरीतला केला. माझ्या मते हिशेब सरळ होता. लोकांना मांस जास्त मिळणार, मला कातडं मिळणार. यात तक्रारीला जागा कुठं? माझे दात गेल्यापासून मी नुसता रस्सा पिते. कातडीत लोकांचा जीव किती अडकलेला असतो, हे मी साफ विसरले होते. बलभीमला ते माहीत होतं, पण तिसरीतल्या पोरानं बाईंना उलट बोलायचं कसं?

रविवारी पिशवी आली. उचलली तर ओल्या गोधडीसारखी जड. मी ती कातडी मोठ्या पातेल्यात उकडली, सुरीनं आतली चरबी खरवडली, कात्रीनं बोटाएवढे तुकडे केले, मीठ-हळद लावून गच्चीवर बाजेवर धोतर अंथरून पसरली. आणि चैत्राच्या उन्हात छत्री उघडून, काठी घेऊन शेजारी बसले. कावळे तेच होते, निदान वागायला तरी तसेच. मला फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी मला राखणीला बसवलं होतं.

एरवी वाट्याच्या रविवारी विहारामागची आमची गल्ली हसण्याबोलण्यानं भरलेली असते. त्या दिवशी खालून वेगळाच सूर येत होता. मी कठड्यावरून वाकून पाहिलं, तर आमच्या चुलत जाऊबाई, हरणाबाई, दारात पातेलं घेऊन उभ्या. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, मी त्यांना आक्का म्हणते, त्या मला भिमे म्हणतात. त्यांनी वर पाहून सांगितलं की बलभीमनं ह्या खेपेला सगळ्यांच्या वाट्यातली कातडी काढून ठेवली, अख्ख्या गल्लीला फसवलं. ‘‘कातडी न्हाय तर ते डुकराचं कालवण का दोडक्याचं, सांग बरं भिमे!’’

माझ्या मागं बाजेवर अख्ख्या गल्लीची कातडी वाळत होती. मी छत्री जरा मागं कलती केली आणि म्हटलं, ‘‘काय दिवस आले हो आक्का.’’

तेव्हाच खाली उतरून खरं सांगायला हवं होतं. पण तुकडे आता कडक व्हायला लागले होते, तपासणी जवळ आली होती, आणि खाली हे दर थोड्या वेळानं जिन्यातून विचारत होते, ‘‘वाळली का?’’ मी ठरवलं की आधी ह्यांची सुई टाळू, मग गल्लीचं बघू.

बिचाऱ्या बलभीमनं दोन-तीन दिवस शिव्या खाल्ल्या, पण बाईंचं नाव घेतलं नाही. माझं नाव घेतलं ते मायक्रोवेव्हनं.

तुकडे काचेच्या चकतीसारखे खडखडीत वाळल्यावर मी बिस्किटांचे रिकामे पुडे बाहेर काढले आणि स्टीलच्या ताटलीत चार तुकडे ठेवून बटण दाबलं. आत वीज चमकली. खरोखरची वीज, कडकडाटासकट! ह्यांनी ड्रायव्हरी सवयीनं आधी मला मागं ओढलं आणि मग धावत जाऊन घराचा मेन स्विच पाडला. क्षमाला फोन लावला. ती हसता हसता म्हणाली, आजी, स्टील नाही, काच. मग काचेची बशी घेतली. तुकडे आधी नुसते फिरत राहिले, मग एक टचकन फुटला, मग दुसरा, आणि बघता बघता बोटाएवढा तुकडा हाताएवढा फुलला. पांढराशुभ्र, हलका, बुडबुड्यांनी भरलेला. ह्यांनी एक तोंडात टाकला. कडाड आवाज झाला. त्यांनी डोळे मिटले. लग्नात आमच्या गळ्यात हार पडला, तेव्हाही हा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, थांबा, सगळे होऊ देत, मग डब्यात भरून मोजून देईन. हे शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून बसले. मी घाण्यावर घाणे काढत गेले. पण फुलणाऱ्या कातडीला वास असतो, आणि आमची खिडकी गल्लीत उघडते.

डबे भरून झाकणं लावतेय तोवर दारात आक्का. त्यांच्या मागं किराणा दुकानवाला बजरंग, आणि बजरंगच्या मागं उरलेली गल्ली. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात पातेलं.

‘‘भिमे,’’ आक्का शांतपणे म्हणाल्या, ‘‘आमची कातडी कुठाय?’’

वास नाकात भरलेल्या माणसाला काय थापा मारणार? मी सगळं सांगितलं. साखर सांगितली, सुई सांगितली, प्रोटीन सांगितलं. मटण मी बाकीच्यांना जास्त देवविलं होतं, हेही सांगितलं. सुईचं नाव निघाल्यावर जरा वेळ सगळे हळहळले. मग बजरंगनं त्याचं दुःख मांडलं. त्याचा नवा जावई पहिल्यांदाच मटणाला आला होता. बजरंगनं मोठ्या तोऱ्यात ताट वाढलं, तर जावयानं एक घास खाऊन हळूच बायकोला विचारलं, हे चिकन आहे का? लेकीनं तेव्हापासून बापाला फोन केला नव्हता.

मी म्हटलं, झालं ते झालं, तुमची कातडी तुम्ही घेऊन जा. आणि डबे पुढं केले.

आक्कांनी डबा उचलला. त्या जड वजनाच्या तयारीनं उचलायला गेल्या, त्यामुळं डबा थेट कपाळापर्यंत गेला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, डबा हलवून पाहिला, माझ्याकडं पाहिलं. बजरंग दुकानातून तराजू घेऊन आला. पारड्यात कातडी घातली, काटा हलला नाही. अजून घातली, ढीग झाला, काटा तसाच.

‘‘पिशवी भरून न्हेली, आन् माघारी हे?’’ बजरंग म्हणाला.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी समजावून सांगितलं की उकडताना चरबी निघाली, उन्हात पाणी उडालं, त्याला बाष्पीभवन म्हणतात, आणि आत हवा शिरली की आकार वाढतो पण वजन वाढत नाही. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग बजरंगनं विचारलं, ‘‘पन बाई, आमच्या वाट्याची वाफ कुणीकडं गेली?’’

मी उगाचच पदरानं पारडं पुसायला घेतलं.

शेवटी आक्काच म्हणाल्या की वजन राहू द्या, वाटे करा. अंगणात ताटल्या मांडल्या, मी कातडी समान समान घातली. ह्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं, कारण गल्लीत त्यांच्या शब्दावर अजून सगळ्यांचा विश्वास होता. आक्का एकेका ताटलीवर बोट ठेवून विचारायच्या, ‘‘ह्यो कुणाचा?’’ आणि हे भिंतीला सांगितल्यासारखं नाव घ्यायचे. बजरंग. हरणावहिनी. बलभीम, कारण त्याच्या वाट्याचीही कातडी गेलीच होती. शेवटचं नाव घेऊन हे वळले, तेव्हा ताटल्या संपल्या होत्या. गल्लीतलं एकही घर ह्यांनी वगळलं नव्हतं, फक्त स्वतःचं नाव घ्यायचं विसरले होते.

लोकांनी तिथंच खाऊन पाहिलं. अंगणात नुसता कडाकड आवाज. मला वाटलं, आता राग जाणार. आक्कांनी बोटं झटकली आणि निकाल दिला, ‘‘चव हाय. पन पोटात काय गेलंच न्हाय. वारं खाल्ल्यावानी वाटतंय.’’ आणि त्या निघून गेल्या. गल्ली त्यांच्या मागोमाग गेली.

त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं बंद. मी नळावर गेले की बायका एकदम हंडे घासण्यात गुंग व्हायच्या. माझं काय, मी तोंड वर करून चालायचे. पण ह्यांची अवस्था बघवेना. सकाळी फिरायला गेलेला माणूस अर्ध्या वाटेवरून पडक्या चेहऱ्यानं परत यायचा. पूर्वीची ती प्रसन्नता कुठं गेली कळेना. अर्धी भाकरी पुढं ठेवली तर तीच चावत बसायचे. कुरकुरीत मागायचंही सोडलं. मला वाटायला लागलं, साखर आणखी चढली. क्षमानं पाकिटं पाठवते म्हटलं, तर हेच नको म्हणाले. मी मनातल्या मनात सुईची तयारी करून ठेवली, म्हणजे माझ्या हाताची. जुनी बांगडी काढून ठेवली.

तपासणीला गेलो. रक्त घेताना त्यांनी माझा हात पकडला तो रिपोर्ट येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा कागद पाहिला. आणि म्हणाल्या की आकडा चांगलाच खाली आला आहे, इन्सुलिनची सध्या गरज नाही.

माझा हात सुटला. मी पदर सावरून बसले आणि डॉक्टरीणबाईंना अभिमानानं सांगितलं, ‘‘चान्या दिल्या मी. डुकराची कातडी, मायक्रोवेव्हमध्ये फुलवून. नुसतं प्रोटीन.’’

बाईंनी ह्यांना विचारलं, किती खाल्ल्या?

‘‘एक,’’ हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मला आधी समजावलं की त्यात मीठ आणि चरबी असते, ह्या वयात तो खाऊ लावून घेऊ नका. मग पुन्हा ह्यांच्याकडं वळल्या. आणखी काय बदललं, ते आठवून सांगा. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, आणि घाटात गाडी उतरवावी तसं सावकाश सगळं खाली आणलं. सकाळी फिरायला निघालं की पहिला चहा हरणावहिनींकडं व्हायचा. पुढं बजरंगच्या दुकानात. मग विहारापाशी, मग बलभीमच्या गोठ्याकडं, आणि येताना उरलेल्या घरांत. घरी बिनसाखरेचा मिळतो म्हणून बाहेर सगळीकडं साखर जरा जास्तच टाकायला सांगायचे. सोबत कुणी बिस्किट दिलं तर नाही म्हणवायचं नाही.

‘‘हिनं कातडी घेतली,’’ हे खाली मान घालून म्हणाले, ‘‘तवापासून कुणी चहाला बोलावलं न्हाय.’’

डॉक्टरीणबाई खिडकीकडं तोंड करून बराच वेळ खोकल्या.

पुढच्या वाट्याच्या रविवारी मी स्वतःच आक्कांच्या दारात गेले. माझा पूर्ण वाटा, कातडीसकट, त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, चुकलं माझं, सगळ्यांच्या ताटातलं मी परस्पर उचलायला नको होतं. आक्कांनी वाटा आत नेला, निम्मा काढून घेतला, निम्मा परत दिला. रुसून रुसून त्यांचंही तोंड दुखायला लागलं होतं म्हणे. मग म्हणाल्या, ‘‘जाऊ दे गं भिमे. भावजींना उद्यापासून धाड चहाला.’’

मी त्यांचा हात धरला, आत चुलीपाशी नेलं आणि रिपोर्टची सगळी हकीकत सांगितली. तिथून बजरंगच्या दुकानात गेले. मग बलभीमकडं.

आता गल्लीतले सगळे माझ्याशी पहिल्यासारखे बोलतात, नळावर तर मला नंबरसुद्धा देतात. ह्यांच्याशी मात्र अजून कुणी बोलत नाही. सकाळी बिचारे फिरून लवकर परत येतात, बूट काढता काढता मला विचारतात, ‘‘कातडी तू घेतलीस मास्तरीण, मग समद्यांचा राग माझ्यावर का?’’

मी चष्मा पुसत राहते.